लांब नळी म्हणजे अचूक नेम?
अमेरिकेत पहिली एआर-१५ रायफल घेणाऱ्याला सल्ला मिळतो: १६ नको, २० इंची नळी घे, नेम अचूक लागेल. लांबीने वाढतो तो गोळीचा वेग. अचूकता ठरते नळीच्या घडणीवर आणि काडतुसावर. उलट तेवढ्याच जाडीची आखूड नळी जास्त ताठ, कमी थरथरणारी.

समज आला कुठून? दुर्बिणीविना नेम धरताना पुढच्या-मागच्या खुणांमधलं अंतर जास्त असलं की चूक कमी होते. लांब नळीवर ते आपोआप मिळायचं. दुर्बीण बसवली की मुद्दाच संपला.

पाहायचाच तर नळीतला पीळ पाहा, म्हणजे गोळीला गिरकी देणाऱ्या आतल्या वळणदार खाचा. सुरुवातीच्या एम-१६ या अमेरिकी लष्करी रायफलीसारखा १२ इंचांत एक वेढा असेल, तर ६२ ग्रेनची (सुमारे ४ ग्रॅमची) लांबट गोळी डगमगते. ७ इंचांत एक असेल तर सरळ जाते.