बीथोव्हनचं आडनाव कुठून आलं आणि कुठे गेलं

डिसेंबर १८१८. व्हिएन्नाच्या लांडरेख्त या न्यायालयात एका मुलाच्या ताब्यावरून खटला चालू होता. भाऊ वारल्यानंतर पुतण्या कार्ल आपल्याकडेच राहावा म्हणून संगीतकार लुडविग फान बीथोव्हन भावजयीशी भांडत होता. लांडरेख्त हे सरदार-उमरावांचं न्यायालय. बीथोव्हनचा खटला तिथे उभा राहिला तो निव्वळ आडनावाच्या जोरावर. जर्मन मुलखात नावापुढे ‘फॉन’ असलं की घराणं खानदानी समजलं जायचं आणि याच्या नावात ‘फान’ होतं. दोन्हींत फरक एका स्वराचा. आता मात्र न्यायालयाने खानदानीपणाचा पुरावा मागितला. बीथोव्हनला सांगावं लागलं की ‘फान’ ही डच रीत आहे, ती फक्त उमरावच पाळतात असं नाही आणि आपल्याकडे सनद नाही. काही दिवसांतच खटला सामान्य प्रजेच्या न्यायालयाकडे वर्ग झाला.

जगातल्या बहुतेकांना हे आडनाव जर्मन वाटतं. ते आहे डच भाषेतलं, आजच्या बेल्जियमच्या उत्तर भागातलं, म्हणजे फ्लँडर्सचं. आणि ते अतिशय दुर्मीळ आहे. एखादं आडनाव दुर्मीळ का होतं, का संपतं आणि ते लावणारी माणसं खरोखर एका रक्ताची असतात का, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं या एका आडनावाच्या मागे गेलं की हाती लागतात. म्हणून मला त्याचं इतकं अप्रूप आहे.

डच ‘फान’चं काम आपल्या ‘कर’सारखं चालतं. चिपळुणात राहणाऱ्याला चिपळूणकर म्हणून वेगळा ओळखता येत नाही. तो गाव सोडून दुसरीकडे जातो तेव्हाच ते नाव उपयोगी पडतं. त्यामुळे ‘फान’चं आडनाव सापडलं की दोन गोष्टी हाती येतात: एक गाव आणि ते गाव सोडून गेलेला कुणीतरी पूर्वज. बीथोव्हनच्या बाबतीत हे गाव बहुधा बेटेनहोव्हन. बेल्जियममधल्या लिएज प्रांतात ते आजही आहे, पण फ्रेंच भाषकांच्या पट्ट्यात, आणि त्याचं फ्रेंच नाव बेतँकूर. लोकांत एक सोपी व्युत्पत्ती फार चालते: ‘बीट’ म्हणजे बीटरूट, ‘होव्हन’ म्हणजे वाड्या, म्हणून बीटाची वाडी. मला ती पटत नाही. फ्रेंच नावातलं ‘कूर’ आणि डच नावातलं ‘होव्हन’ एकाच अर्थाचे आहेत, वाडी किंवा शेतघर. आणि दोन्हींत पुढे उरतो तो बेट्टो नावाचा कुणी जुना जर्मानिक माणूस. बेट्टोची वाडी. दोन भाषांनी एकच नाव आपापल्या वळणाने जपलं, तिथे बीटाला जागा उरत नाही.

बीथोव्हनच्या थेट पूर्वजांचा माग सोळाव्या शतकात काम्पेनहाउट या गावाच्या परिसरात लागतो. लुव्हेन आणि मेखेलेन या शहरांच्या अधेमधे हे गाव आहे. तिथे आर्त फान बीथोव्हन (१५३५–१६०९) राहत होता. त्याच्या बायकोला, योसिनेला, १५९५ साली चेटकीण ठरवून ब्रसेल्समध्ये जाळण्यात आलं. घराणं पुढे मेखेलेनला सरकलं. तिथला मिखिल फान बीथोव्हन पेशाने पाववाला. त्याचा मुलगा लोडेवाइक गाता गळा घेऊन जन्माला आला, १७३३ मध्ये बॉनच्या दरबारी संगीतात नोकरीला लागला आणि पुढे तिथला प्रमुख झाला. त्याचा मुलगा योहान, आणि योहानचा मुलगा १७७० मध्ये जन्मलेला लुडविग. डच आडनाव जर्मनीत पोहोचलं ते असं, एका गवयाच्या नोकरीबरोबर.

फ्लँडर्समध्ये आडनावं मध्ययुगातच रुळू लागली होती. उत्तरेकडे, आजच्या नेदरलँड्सच्या फ्रीसलंडसारख्या भागांत, मात्र एकोणिसावं शतक उजाडेपर्यंत बरेच लोक बापाचं नाव लावूनच काम भागवत. नेपोलियनने नेदरलँड्स साम्राज्याला जोडलं आणि ऑगस्ट १८११ मध्ये फर्मान काढलं: आडनाव नसेल त्याने ते घ्यावं आणि नोंदवावं. यावर एक गोष्ट तिथे घरोघर सांगतात, की डच लोकांनी फ्रेंचांची टर उडवायला मुद्दाम वेडगळ आडनावं नोंदवली. उदाहरण हटकून ‘नाक्तखेबोरेन’चं, म्हणजे ‘नग्न जन्मलेला’. गोष्ट रंगतदार आहे, पण हे आडनाव नेपोलियनच्या आधीपासून कागदोपत्री आहे. मूळ जर्मन शब्द ‘बाप गेल्यावर जन्मलेला’ अशा अर्थाचा होता आणि डच तोंडात तो बदलला, असा एक पटण्याजोगा खुलासा त्याच्याबद्दल दिला जातो.

आडनावं मोजण्याच्या बाबतीत नेदरलँड्सइतकी निगुतीने कामं फार थोड्या देशांनी केली आहेत. १९४७ च्या जनगणनेतून आडनावांची गणती झाली, अनेक दशकं ती प्रांतवार खंडांत छापली जात होती. २००७ मध्ये नगरपालिकांच्या नोंदींवरून ती पुन्हा झाली. अॅमस्टरडॅमच्या मेर्टेन्स संस्थेने दोन्ही गणती एकत्र करून सगळ्यांना पाहता येईल असा आडनावांचा संग्रह उभा केला. जवळपास दीड कोटीहून थोड्या जास्त लोकसंख्येत आडनावं तीन लाखांहून जास्त निघाली. सरासरी काढली तर एका आडनावामागे पन्नासेक माणसं येतात, पण ही सरासरी कुणालाच लागू पडत नाही. ‘दे योंग’ हे सगळ्यात मोठं आडनाव, ते लावणारे सुमारे ८४ हजार. आणि दुसऱ्या टोकाला शेकडो-हजारो आडनावं अशी, की ती लावणारे पाचपेक्षा कमी. तिथे संग्रह नेमका आकडा दाखवत नाही, कारण इतक्या थोड्यांमध्ये माणूस लगेच ओळखू येतो.

दुर्मीळ आडनावं सगळी एका जातीची नसतात. काही म्हणजे कारकुनाच्या लेखणीतून उतरलेली चूक असते: एका अक्षराचा फरक पडला आणि मोठ्या आडनावाची एक फांदी वेगळी झाली. काही परदेशातून आलेल्या एकाच कुटुंबाची असतात. ती इथे दुर्मीळ, मूळ देशात सर्रास. खरी जुनी आणि त्याच मातीतली दुर्मीळ आडनावं वेगळी. ती इतकी थोडी का उरली, याचं उत्तर गणितात आहे.

फ्रान्सिस गाल्टनने १८७३ मध्ये ‘एज्युकेशनल टाइम्स’मध्ये हे कोडं घातलं. नामवंत घराणी पटापट का संपतात, अशी तेव्हा चर्चा होती. त्यात वंशाचा काही दोष आहे की हा निव्वळ योगायोगाचा खेळ, हे त्याला तपासायचं होतं. हेन्री वॉटसन या धर्मगुरू-गणितज्ञाने ते सोडवायला घेतलं. त्याची पद्धत दोन नाण्यांनी करून पाहता येते. समजा, प्रत्येक पुरुष दोन नाणी उडवतो आणि जितके छापे पडतील तितके मुलगे त्याला होतात: शून्य, एक किंवा दोन. सरासरी बरोबर एक, म्हणजे लोकसंख्या वाढतही नाही, घटतही नाही. अशा शंभर पुरुषांना शंभर वेगळी आडनावं द्या. पहिल्याच पिढीत पंचवीसांच्या दोन्ही नाण्यांवर काटा पडतो. त्यांची आडनावं गेली. दुसऱ्या पिढीअखेर ३९ गेलेली असतात, तिसऱ्या पिढीअखेर ४८, पाचव्या पिढीत ६० आणि सातव्या पिढीत ६७. कुठे रोगराई नाही, लढाई नाही, कुणात काही खोट नाही. तरीही दोनशे वर्षांत दोन तृतीयांश आडनावं नाहीशी. आणि माणसं सरासरी तेवढीच राहिल्यामुळे उरलेल्या ३३ आडनावांत शंभर पुरुष वाटले जातात. काही आडनावं फुगतात ती यामुळे. ‘दे योंग’ इतकं मोठं होण्यामागे आणखी एक साधं कारण आहे: त्याचा अर्थ ‘धाकटा’, आणि हे आडनाव शेकडो घरांनी स्वतंत्रपणे घेतलं.

वॉटसनने निष्कर्षात एक चूक केली. सरासरी कितीही असली तरी प्रत्येक आडनाव कधी ना कधी संपणारच, असं त्याने मांडलं. खरं उत्तर असं, की दर पुरुषामागे सरासरी एकापेक्षा जास्त मुलगे असतील तर आडनाव कायम टिकण्याची काही शक्यता उरते. फ्रेंच गणितज्ञ बियेनेमे याने हे १८४५ मध्येच सांगून ठेवलं होतं, पण कुणाच्या लक्षात राहिलं नाही. आल्फ्रेड लोटकाने १९३१ मध्ये अमेरिकेच्या जनगणनेचे आकडे घालून पाहिलं. वाढत्या लोकसंख्येच्या त्या देशातही एका पुरुषापासून सुरू झालेला वंश पुरुषांच्या बाजूने खुंटण्याची शक्यता त्याला सुमारे ८२ टक्के आढळली.

बॉनच्या बीथोव्हनांचं हेच झालं. लुडविगने लग्न केलं नाही. दोन भावांपैकी एकालाच मुलगा, तो कार्ल, ज्याच्यासाठी खटला चालला. कार्लला एकच मुलगा, त्याचं नाव आजोबांच्या भावावरून लुडविग ठेवलं. तो पुढे अमेरिकेला गेला. त्याचा मुलगा कार्ल युलियस १९१७ मध्ये व्हिएन्नात वारला आणि ही शाखा तिथे संपली. फ्लँडर्समध्ये राहिलेल्या चुलत शाखा मात्र तगल्या. तिथे आजही मोजके लोक हे आडनाव लावतात.

त्यांच्यामुळेच २०२३ मध्ये एक विलक्षण गोष्ट उघडकीला आली. केंब्रिजचा ट्रिस्टन बेग, लायपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतले योहानेस क्राउझ आणि त्यांचे सहकारी बीथोव्हनच्या म्हणून जपलेल्या केसांच्या बटा तपासत होते. त्या काळी थोरांचे केस आठवण म्हणून जपायची पद्धत होती. आठ बटांपैकी पाच एकाच पुरुषाच्या निघाल्या. त्यातली एक बीथोव्हनने स्वतः १८२६ मध्ये आंटोन हाल्म या पियानोवादकाला दिली होती. प्रसिद्ध असलेली एक बट तर बाईची निघाली. तिच्या आधारे आधी बरंच लिहिलं गेलं होतं. अस्सल केसांतून यकृताच्या आजाराची आनुवंशिक जोखीम दिसली, कावीळ ‘ब’च्या विषाणूचा अंशही सापडला. पण माझ्या दृष्टीने त्या शोधनिबंधातला सगळ्यात मोलाचा भाग आडनावाचा आहे.

वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, जवळपास जसंच्या तसं. युरोपात आडनावही तसंच जातं. म्हणून आडनाव दुर्मीळ असेल तर ते लावणाऱ्यांचं वाय गुणसूत्र सारखं असायला हवं. ब्रिटनमध्ये ट्युरी किंग आणि मार्क जोब्लिंग यांनी हे दाखवून दिलं होतं: ‘स्मिथ’सारख्या आडनावात वाय गुणसूत्रांची सरमिसळ, तर दुर्मीळ आडनावांत बहुतेकांचा एकच पूर्वज. लुव्हेनचे मार्टेन लार्म्युसो यांनी बेल्जियममधल्या पाच फान बीथोव्हन पुरुषांचे नमुने मिळवले. जुन्या नोंदींनुसार हे पाचही आर्तचे वंशज, पण लुडविगच्या शाखेपेक्षा वेगळ्या शाखांतले. पाचांचं वाय गुणसूत्र आपसांत जुळलं. म्हणजे आर्तचं गुणसूत्र कसलं होतं ते कळलं: आर१बी या गटातलं, पश्चिम युरोपात नेहमी आढळणारं. लुडविगच्या केसांतलं गुणसूत्र निघालं आय१ या गटाचं. हे दोन गट हजारो वर्षांपूर्वीच वेगळे झालेले आहेत.

अर्थ सरळ आहे. आर्तचा मुलगा हेन्ड्रिक १५७२ च्या सुमारास जन्मला. तिथून लुडविगपर्यंतच्या सात पिढ्यांत कुठेतरी कागदावरचा बाप आणि खरा बाप वेगळे होते. लुडविग हा नावाने आणि कागदोपत्री फान बीथोव्हन, पण आर्तचं रक्त पुरुषांच्या बाजूने त्याच्यात उतरलं नव्हतं. नेमकी कुठली पिढी ते सांगता येत नाही. लुडविगच्या बापाची, योहानची, बाप्तिस्म्याची नोंद सापडत नाही म्हणून काही चरित्रकारांना त्याच्या जन्माबद्दल संशय आहे. पण नोंद हरवणं हा काही पुरावा नव्हे आणि त्याच्या आईच्या, एका मेलेल्या बाईच्या, चारित्र्याबद्दल तेवढ्यावरून बोलणं मला अन्यायाचं वाटतं.

अशा घटना किती घडतात? लार्म्युसो यांच्याच गटाने बेल्जियम आणि नेदरलँड्समधल्या ५१३ जोड्या तपासल्या: कागदोपत्री एकाच पुरुष-पूर्वजाचे वंशज असलेले दोन-दोन पुरुष. वाय गुणसूत्रं जुळली नाहीत तर मधल्या पिढ्यांत कुठेतरी धागा तुटला. एका पिढीमागे प्रमाण एक-दीड टक्क्याच्या आसपास आलं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात सगळ्यात बोलकी गोष्ट प्रमाणातल्या फरकाची होती. विरळ वस्तीच्या गावांतल्या शेतकरी आणि सुखवस्तू घरांत ते अर्ध्या टक्क्याच्या जवळपास, तर एकोणिसाव्या शतकातल्या दाटीवाटीच्या शहरांतल्या गरिबांत जवळजवळ सहा टक्के. त्या बायकांच्या वाट्याला किती असुरक्षितता, किती जबरदस्ती आली असेल याचा अंदाज या आकड्यावरून बांधावा; हसण्यावारी नेण्यासारखं त्यात काही नाही.

एक-दीड टक्का म्हणजे नगण्य, पण तो प्रत्येक पिढीत नव्याने लागू होतो. सात पिढ्यांचा हिशेब केला तर धागा कुठेतरी तुटण्याची शक्यता ७ ते १० टक्के होते. सहा टक्क्यांचं प्रमाण धरलं तर ३५ टक्के. बीथोव्हनच्या घराण्यात घडलं ते अघटित नव्हतं.

बेल्जियमने २०१४ पासून आणि नेदरलँड्सने २०२४ पासून मुलाला आई-बाप दोघांचीही आडनावं जोडून द्यायला मुभा दिली आहे. फक्त आईचंही देता येतं. त्यामुळे मुलगा न झालेल्या घरातलंही दुर्मीळ आडनाव मुलीकडून पुढे जाऊ शकेल, आणि वॉटसनचं गणित पुढच्या पिढ्यांना जसंच्या तसं लागू होणार नाही. आडनाव आणि वाय गुणसूत्र यांची जोडीही तिथून सैल होत जाईल. लुडविगच्या सात पिढ्यांचा प्रश्न मात्र अजून सुटू शकतो. मिखिल किंवा त्याचा बाप कॉर्नेलियस यांच्या एखाद्या दुसऱ्या मुलाचा पुरुषांच्या बाजूचा वंशज कुठे सापडला, तर त्याच्या गालाच्या आतून घेतलेला कापसाचा एक बोळा सांगेल की धागा मेखेलेनच्या आधी तुटला की नंतर.