सुरगाणा गेला, कळवण उरला: 117 क्रमांकाच्या मतदारसंघाची पार्श्वभूमी

आज नाशिक जिल्ह्याच्या नकाशावर विधानसभेचा ‘सुरगाणा’ मतदारसंघ सापडत नाही. तो 2009 पर्यंत होता, आणि राज्याच्या राजकारणात त्याची ओळख पक्की होती ती लाल बावट्यामुळे. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे (माकप) जिवा पांडू गावित इथून 1978 मध्ये पहिल्यांदा निवडून आले आणि पुढे वारंवार येत राहिले. शेजारच्या कळवणमध्ये वजन होतं अर्जुन तुळशीराम, म्हणजे ए. टी. पवारांचं. दोन्ही जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव. दोघांनाही आपापला तालुका होता, त्यामुळे आमनेसामने येण्याची वेळ येत नव्हती.

2001 च्या जनगणनेवर आधारलेल्या मतदारसंघ पुनर्रचनेनं ती वेळ आणली. जिल्ह्याच्या जागा 14 वरून 15 झाल्या, तरी सुरगाणा कळवणात विलीन झाला. माझ्या मते हा जोड कागदावर जितका सरळ दिसतो तितका जमिनीवर नाही. कळवण गिरणेच्या खोऱ्यातला, कांद्याचा, बाजार समितीचा तालुका. सुरगाणा गुजरातच्या सीमेवरचा, धो धो पावसाचा. पण पावसाळा सरला की हंडा घेऊन पायपीट ठरलेली. भात-नागली निघाली की माणसं द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे उतरतात. एकीकडे शेतमालाचा भाव, दुसरीकडे वनपट्टा, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीचा हक्क: आमदाराकडे येणारी गाऱ्हाणीच वेगळी.

2009 मध्ये राष्ट्रवादीच्या ए. टी. पवारांनी गावितांना हरवलं. 2014 मध्ये गावितांनी ती जागा परत घेतली. त्या विधानसभेत माकपचे ते एकटेच आमदार होते. त्याच कार्यकाळात, मार्च 2018 मध्ये, माकपशी जोडलेल्या किसान सभेचा लाँग मार्च नाशिकहून मुंबईला चालत गेला. सुरगाण्याची माणसं त्यात मोठ्या संख्येनं होती, गावित आघाडीवर होते आणि मुख्य मागणी होती 2006 च्या वनहक्क कायद्याच्या अंमलबजावणीची. दहावीच्या मुलांची परीक्षा अडू नये म्हणून शेवटचा टप्पा या लोकांनी रात्रीतून चालून काढला. सभागृहात एकच आमदार असलेल्या पक्षाचं म्हणणं तेव्हा सरकारला ऐकावं लागलं.

ए. टी. पवार 2017 मध्ये गेले. 2019 मध्ये त्यांचे पुत्र नितीन पवार राष्ट्रवादीकडून निवडून आले. त्याच वर्षी स्नुषा डॉ. भारती पवार भाजपकडून दिंडोरीच्या खासदार झाल्या आणि 2021 मध्ये केंद्रात राज्यमंत्री. 2024 मध्ये नितीन पवारांनी, आता अजित पवारांच्या राष्ट्रवादीकडून, गावितांना पुन्हा हरवलं.

मधल्या काळात, 2022 च्या अखेरीस, सुरगाण्याच्या सीमेवरच्या गावांनी रस्ते, पाणी, दवाखाना यांसाठी थेट गुजरातमध्ये जाण्याची मागणी केली होती. मतदारसंघांच्या सीमा पुन्हा आखल्या जातील तेव्हा या गावांची बाजू मांडणारं कोणी तरी समोर असायला हवं.