नाके उठले, आकडे हरवले: युरोपच्या उद्योग-व्यापार सांख्यिकीच्या आधुनिकीकरणाची पार्श्वभूमी

३१ डिसेंबर १९९२पर्यंत फ्रान्समधून जर्मनीत माल न्यायचा तर कस्टम्सचे कागद भरावे लागत. दुसऱ्या दिवसापासून ती गरज संपली. युरोपीय समुदायातल्या (आजच्या युरोपीय संघाच्या पूर्वावतारातल्या) बारा देशांची एकच अंतर्गत बाजारपेठ झाली, नाके उठले आणि ट्रक न थांबता जाऊ लागले. व्यापाऱ्यांना हा मोठाच दिलासा होता. सांख्यिकी खात्यांच्या पायाखालची वाळू मात्र सरकली, कारण कोणत्या देशाने कोणाला काय, किती आणि केवढ्याला विकले, हे त्याच कागदांवरून कळत होते. उद्योग आणि व्यापाराची सरकारी आकडेवारी तयार करण्याची पद्धत युरोपात गेली तीस वर्षे बदलते आहे. त्या बदलाचे मूळ सांगताना बहुतेक जण संगणकाकडे बोट दाखवतात. मला ते या रिकाम्या झालेल्या नाक्यांवर सापडते.

कस्टम्सचे कागद आकडेवारीसाठी जन्मलेच नव्हते. ते कर वसूल करण्यासाठी होते आणि आकडे त्यातून आपसूक मिळत. इंग्लंडने १६९६ साली आयात-निर्यातीचा महानिरीक्षक नेमला, विल्यम कलिफर्ड. कस्टम्सच्या वह्यांवरून देशाच्या व्यापाराचा हिशेब मांडणे हे त्याच्या कचेरीचे काम. तिथे मालाच्या ‘अधिकृत किमती’ ठरवल्या गेल्या आणि पुढे शतकाहून अधिक काळ बहुतेक मालाची तीच किंमत वहीत चढत राहिली, मग बाजारात भाव दुप्पट होवो की निम्मा. याला कारकुनी आळस म्हणता येईल. पण किंमत गोठलेली असल्यामुळे मालाचे परिमाण वाढले की घटले हे या वह्यांतून स्वच्छ दिसते, आणि आर्थिक इतिहासकारांना त्याचाच उपयोग होतो.

दोन देशांचे आकडे शेजारी ठेवायचे तर मालाची यादी एकच हवी. १९१३ साली ब्रुसेल्समध्ये १८६ बाबींची एक समाईक यादी ठरली. तिथून १ जानेवारी १९८८ रोजी लागू झालेल्या ‘हार्मोनाइज्ड सिस्टिम’पर्यंत पाऊण शतक गेले, या यादीत सहा आकडी संकेतांकांचे सुमारे ५,००० गट आहेत. युरोपने त्याच दिवशी त्यावर आधारलेले आपले आठ आकडी वर्गीकरण आणि सर्व सदस्य देशांसाठी कस्टम्सचा एकच छापील अर्ज सुरू केला. कर, कागद आणि आकडेवारी यांची घडी इतकी नीट कधीच बसली नव्हती. सदस्य देशांच्या आपसातल्या व्यापारापुरती ती पाच वर्षे टिकली.

उद्योगांच्या आकड्यांची वाट पहिल्यापासून वेगळी. कारखान्यात काय बनते हे नाक्यावर उभे राहून कळत नाही, मालकालाच विचारावे लागते. ब्रिटनने १९०६ साली कायदा करून १९०७ सालच्या उत्पादनाची पहिली गणना केली. प्रश्नावली भरणे सक्तीचे होते आणि त्या बदल्यात सरकारने शब्द दिला होता की कोणाचीही वैयक्तिक माहिती बाहेर जाणार नाही. प्रतिस्पर्ध्याच्या हाती आपले आकडे पडतील ही कारखानदारांची भीती रास्तच होती. हा गोपनीयतेचा शब्द पुढच्या कहाणीत मोठी अडचण बनून येतो.

थोडक्यात, व्यापाराचा आकडा कस्टम्सकडून आणि उद्योगाचा प्रश्नावलीतून. जी कंपनी माल बनवते तीच तो निर्यात करते, पण दोन्हीकडे तिची नोंद वेगळ्या क्रमांकाखाली आणि वेगळ्या वर्गीकरणात होत होती. ‘निर्यात करणाऱ्या कंपन्या जास्त माणसे कामावर ठेवतात का?’ इतक्या साध्या प्रश्नाचे उत्तरही सहजी मिळत नसे.

युरोपीय पातळीवरचे सांख्यिकी कार्यालय युरोपीय समुदायाच्या आधीच्या कोळसा आणि पोलाद समुदायाच्या छायेत १९५३ साली सुरू झाले आणि १९५९ साली त्याला युरोस्टॅट हे नाव मिळाले. ते स्वतः कंपन्यांना काही विचारत नाही. आकडे गोळा करतात सदस्य देशांच्या संस्था. युरोस्टॅट ते जुळवून प्रसिद्ध करते. जुळवण्याचा हा भाग दिसतो तितका सोपा नाही.

इंट्रास्टॅट

नाके उठणार हे आधीच माहीत असल्याने १९९१ साली नियम झाला आणि १९९३च्या पहिल्या दिवसापासून ‘इंट्रास्टॅट’ लागू झाले. इतर सदस्य देशांशी ठरावीक मर्यादेच्या वर व्यापार असलेल्या कंपनीने दरमहा कळवायचे: कोणता माल, आठ आकडी संकेतांक, कोणत्या देशाला किंवा देशातून, किंमत, वजन, व्यवहाराचे स्वरूप. सदस्य देशात पाठवलेल्या मालाचे वेगळे, आलेल्या मालाचे वेगळे. लहान कंपन्यांना सूट, त्यांचा अंदाज व्हॅटच्या विवरणपत्रावरून. व्हॅटचे आकडे आणि इंट्रास्टॅटचे आकडे ताडून पाहण्याची सोयही त्यातच होती.

कागदावर योजना चोख होती, आणि त्यात एक गंमतही होती. प्रत्येक खेप दोनदा नोंदली जाई, पाठवणाऱ्या देशात निर्यात म्हणून आणि घेणाऱ्या देशात आयात म्हणून. म्हणजे दोन आकडे जुळायला हवेत. ते जुळत नसत. कोणी मर्यादेखाली म्हणून सुटलेला, कोणी संकेतांक चुकवलेला, कोणी या महिन्याचा माल पुढच्या महिन्यात दाखवलेला. रॉटरडॅमसारख्या बंदराचा घोळ आणखी निराळा. आशियातून जर्मनीसाठी आलेला माल तिथे उतरून मोकळा झाला, की तो आधी नेदरलँड्सची आयात ठरतो आणि मग नेदरलँड्सकडून जर्मनीला गेलेला माल. डच व्यापाराचा आकडा त्याने फुगतो.

सगळ्यात बोचरा धडा व्हॅटच्या फसवणुकीने दिला. सदस्य देशांतल्या खरेदीवर सीमेवर व्हॅट लागत नाही. ठग कंपनी मोबाइल फोन किंवा संगणकाच्या चिप्स करमुक्त आणते, देशात व्हॅट लावून विकते, गिऱ्हाइकाकडून घेतलेला कर सरकारात न भरताच गायब होते. तोच माल फिरून दुसऱ्या कंपनीमार्फत निर्यात होतो. निर्यातदार नियमाने कळवतो, आयात करणारा मात्र नाहीसा झालेला. परिणामी निर्यात आकड्यांत दिसते, आयात दिसत नाही. ब्रिटनला २००३ साली यामुळे मागच्या अनेक वर्षांचे व्यापाराचे आकडे दुरुस्त करावे लागले. तूट आधी सांगितली त्याहून मोठी निघाली.

शिवाय कंपन्यांची कुरकुर वाढत होती. २००७ साली युरोपीय आयोगाने उद्योगांवरचा कागदी भार २०१२पर्यंत २५ टक्क्यांनी कमी करण्याचा कार्यक्रम जाहीर केला आणि त्यात सांख्यिकीचा समावेश होता. त्या भाराचा सर्वांत मोठा वाटा इंट्रास्टॅटचा. मग सवलती सुरू झाल्या. २००४च्या नियमानुसार देशांना दोन्ही बाजूंच्या व्यापाराच्या निदान ९७ टक्के मूल्याची माहिती प्रत्यक्ष गोळा करावी लागे. आलेल्या मालासाठी हे प्रमाण २००९ साली ९५वर आणि २०१४ साली ९३वर आणले गेले. ऐकायला हा फरक किरकोळ वाटतो. पण व्यापाराचे बहुतांश मूल्य मूठभर मोठ्या कंपन्यांकडे असते, त्यामुळे दोन-चार टक्के सोडले की हजारो छोट्या कंपन्या मोकळ्या होतात.

याहून धाडसी कल्पना होती ती एकाच बाजूची नोंद ठेवण्याची. प्रत्येक देशाने फक्त निर्यात गोळा करावी. तुमची आयात म्हणजे इतरांनी तुमच्याकडे केलेली निर्यात. काम थेट निम्मे. गणिताने यात चूक काढता येत नाही. विरोध झाला तो विश्वासाच्या प्रश्नावरून: आपल्या देशाची आयात दुसऱ्याच्या हाती सोपवायची, आणि त्यांच्या चुका आपल्या राष्ट्रीय उत्पन्नात येऊ द्यायच्या? वर गोपनीयतेचा तो जुना शब्द. एका देशातल्या कंपनीने आपल्या सरकारला दिलेली माहिती दुसऱ्या सरकारच्या खात्याने पाहावी का? हा वाद काही वर्षे घोळत राहिला.

कंपनी म्हणजे नक्की कोण?

उद्योगांच्या बाजूला दुखणे वेगळे होते. १९९०च्या दशकात एकामागून एक नियम आले: १९९१ साली औद्योगिक उत्पादनासाठी, १९९७ साली उद्योगांच्या रचनेसाठी, १९९८ साली मासिक-तिमाही निर्देशांकांसाठी. प्रत्येकाची व्याप्ती वेगळी, व्याख्या थोड्या थोड्या वेगळ्या, आणि खात्यात प्रत्येकाची माणसे वेगळी. २००९ साली आयोगाने पुढच्या दशकाचा विचार मांडणारा दस्तऐवज काढला. त्यात या पद्धतीला एकमेकांशी न जुळलेल्या धुराड्यांची उपमा दिली होती आणि एकत्रित पद्धतीकडे जाण्याचा आग्रह होता.

पण धुराडी जोडायची तर मोजायचे कोणाला हे आधी ठरले पाहिजे. १९९३च्या नियमात उद्योगाची व्याख्या होती: निर्णय घेण्याची काही स्वायत्तता असलेला, वस्तू किंवा सेवा निर्माण करणारा कायदेशीर घटकांचा सर्वांत लहान समूह. प्रत्यक्षात बऱ्याच देशांनी सोय पाहिली आणि एक नोंदणीकृत कंपनी म्हणजे एक उद्योग असे धरले. मोठा समूह कामगार एका कंपनीत ठेवतो, यंत्रे दुसऱ्या, विक्री तिसऱ्या. कंपन्या सुट्या मोजल्या तर एकीकडे माणसांविना कारखाना आणि दुसरीकडे कारखान्याविना माणसे दिसतात. समूहांतर्गत विक्री उलाढालीत पुन्हा पुन्हा मोजली जाते ती वेगळीच.

फ्रान्सने इथे पुढाकार घेतला. तिथे १९७३पासून ‘सिरेन’ ही सर्व उद्योगांची नोंदवही आहे. २००८ साली फ्रान्सने उद्योगाची आर्थिक व्याख्या कायद्यात आणली, आणि त्याच संदर्भवर्षापासून वार्षिक पाहणीऐवजी करखात्याकडची विवरणपत्रे व छोटी पाहणी यांचा मेळ घालणारी नवी व्यवस्था सुरू केली. जे करखात्याला आधीच सांगितले ते कंपनीला पुन्हा विचारायचे नाही, हे तत्त्व. मोठ्या समूहांच्या बाबतीत सांख्यिकी अधिकारी समूहाशी बोलून त्याचे खरे भाग कोणते ते ठरवू लागले. संगणकाने हे काम होत नाही. चर्चेला बसावे लागते.

समूह देशाबाहेर पसरलेला असेल तर एका देशाची नोंदवही अपुरी पडते, म्हणून २००८च्या नियमाने बहुराष्ट्रीय समूहांची युरोपीय नोंदवही उभी राहिली. तिची गरज किती होती हे आयर्लंडने दाखवून दिले. जुलै २०१६मध्ये डब्लिनच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१५ची वाढ जाहीर केली: २६.३ टक्के. देशात कोणी एवढे बांधले-पिकवले नव्हते. काही मोठ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांनी बौद्धिक संपदा आणि इतर मालमत्ता आयर्लंडच्या खात्यात आणली होती. आकडा नियमांनुसार बरोबर होता आणि देशाबद्दल जवळजवळ काहीच सांगत नव्हता. पुढे मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर फिलिप लेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि २०१७पासून आयर्लंड राष्ट्रीय उत्पन्नाचे एक सुधारित माप सोबत देऊ लागला.

कार्यक्रम, नमुने आणि २०१९चा कायदा

धुराडी जोडण्यासाठी पैसा डिसेंबर २००८च्या एका निर्णयातून आला: २००९ ते २०१३ असा पाच वर्षांचा कार्यक्रम, ४ कोटी २५ लाख युरो. प्राधान्यक्रम तपासणे, व्याख्या जुळवणे, सरकारदरबारी आधीच असलेल्या माहितीचा वापर वाढवणे आणि इंट्रास्टॅट सुधारणे ही त्याची कामे. रक्कम सत्तावीस देशांत वाटली की फारशी उरत नाही, पण विविध देशांच्या संस्थांना एकत्र बसवून पद्धती तयार करून घेणे तिच्यातून साधले.

त्याच सुमारास जगभरच्या सांख्यिकी संस्थांनी आपल्या कामाच्या पायऱ्या एका आराखड्यात मांडल्या. न्यूझीलंडच्या नमुन्यावर बेतलेल्या या आराखड्यात आज आठ टप्पे आहेत, गरज ठरवण्यापासून मूल्यमापनापर्यंत. आराखडा दिसायला रुक्ष आहे, पण एका विभागाने लिहिलेली तपासणीची प्रणाली दुसऱ्याला वापरता येऊ लागली ती पायऱ्यांना सारखी नावे मिळाल्यावर.

व्यापारातला तंटा शेवटी मधल्या वाटेने मिटला. काही देशांनी प्रयोग म्हणून निर्यातीच्या कंपनीवार नोंदी सुरक्षित जाळ्यावरून एकमेकांना पाठवून पाहिल्या. २७ नोव्हेंबर २०१९चा नवा नियम १ जानेवारी २०२१पासून लागू झाला. त्याने उद्योग सांख्यिकीचे दहा जुने कायदे रद्द करून एकच चौकट आणली. या चौकटीत २०२२पासून निर्यातीच्या सूक्ष्म नोंदींची देवाणघेवाण सक्तीची झाली. मिळालेल्या नोंदी वापरून आपल्या कंपन्यांकडून आयातीची माहिती मागणे कमी करायचे की नाही, हे मात्र प्रत्येक देशावर सोडले. निर्यातदाराला यापुढे घेणाऱ्याचा व्हॅट क्रमांक आणि मालाचा मूळ देश कळवावा लागतो. म्हणजे आयातदाराचा भार हलका होताना निर्यातदाराचा थोडा वाढला.

नवा नियम लागू झाला त्याच दिवशी ब्रिटन एकल बाजारपेठेबाहेर पडला आणि पुसलेली सीमा पुन्हा उमटली. सदस्य देशातून आलेला माल जिथून निघाला त्या देशाच्या नावावर पडतो, बाहेरून आलेला माल जिथे बनला त्याच्या. त्यामुळे चीनमध्ये बनून ब्रिटनमार्गे युरोपात आलेला माल डिसेंबर २०२०मध्ये ब्रिटनकडून झालेली आयात होता, जानेवारी २०२१मध्ये चीनकडून झालेली. त्या महिन्यात ब्रिटनकडून होणारी आयात घसरली, त्यात खऱ्या घसरणीसोबत हा पद्धतीचा बदलही मिसळलेला होता. मालाच्या बाबतीत युरोपीय नियमांत राहिलेल्या उत्तर आयर्लंडमध्ये मात्र इंट्रास्टॅट आजही चालू आहे.

पुढचा बदल करखात्याकडून येतो आहे. मार्च २०२५मध्ये मंजूर झालेल्या व्हॅटच्या सुधारणांनुसार १ जुलै २०३०पासून सदस्य देशांमधल्या व्यवहारांची ई-बीजके आणि त्यांची जवळपास तत्काळ डिजिटल नोंद सक्तीची होईल. मग इंट्रास्टॅट कशाला, असे कंपन्या विचारणारच. पण बीजकावर मालाचे वर्णन असते, आठ आकडी संकेतांक असण्याची सक्ती नाही. प्रक्रियेसाठी पाठवलेला माल विकलेला नसतो, त्यामुळे त्याचे विक्रीचे बीजकच नसते. आणि माल इटलीहून थेट पोलंडला जातो तेव्हा बीजक मधल्या ऑस्ट्रियातल्या व्यापाऱ्याच्या नावावर असू शकते.