नडगी दुखते, पण कारण वर असतं: नव्या रनरच्या पायांसाठीच्या व्यायामाची पार्श्वभूमी

सोलापूरच्या होम मैदानावर पहाटे साडेपाचला गेलं की भरतीची पोरं-पोरी पळताना दिसतात, आणि कडेला कुणीतरी एक पाय पसरून नडगी चोळत बसलेलं असतंच. मागच्या महिन्यात अशीच एक पोरगी बसली होती. पोलीस भरतीत मुलींना ८०० मीटर असतं, त्याची तयारी, पळायला लागून चारच आठवडे झालेले. मी म्हटलं, अंगठ्यानं दाबून दाखव कुठं दुखतंय. तिनं घोट्याच्या वर चार बोटांपासून नडगीच्या आतल्या कडेनं अंगठा वर नेला, चांगली वीतभर जागा सगळी दुखरी. "आता दम लागत नाही की ओ सर, पण हे काय सोडत नाही," म्हणाली.

नव्यानं पळायला लागलेल्या जवळपास प्रत्येकाचं दुखणं या एका वाक्यात आहे. दम काही आठवड्यांत वाढतो, हाडाला आणि टेंडनला (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीला) तेवढंच मजबूत व्हायला महिने लागतात, आणि मधल्या काळात माणूस दमाच्या भरवशावर अंतर वाढवत जातो. एक किलोमीटर पळायचं म्हणजे साधारण हजार पावलं, आणि प्रत्येक पावलाला अंगाच्या वजनाच्या दोन-तीन पट भार एकाच पायावर येतो. मग हा पाय आधी तयार करायचा कसा, कुठल्या व्यायामानं, हा प्रश्न बराच जुना आहे आणि त्याचं उत्तर दर वीस-पंचवीस वर्षांनी बदलत आलंय, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

सुरुवात खेळाडूंपासून नाही, सैनिकांपासून झाली. १८५५ मध्ये प्रशियाच्या सैन्यातल्या ब्राइटहाउप्ट नावाच्या डॉक्टरनं लिहून ठेवलं की लांब कवायत करणाऱ्या शिपायांचे पाय सुजतात, दुखतात, आणि कुठं मार लागलेला नसतो. तेव्हा कारण दिसायची सोय नव्हती. १८९५ ला एक्स-रेचा शोध लागला आणि १८९७ मध्ये कळलं की तळपायाच्या लांब हाडांना बारीक चिरा जातायत. हेच आजचं स्ट्रेस फ्रॅक्चर. म्हणजे धडधाकट माणसाचं हाड नुसत्या चालण्यानं तडकू शकतं हे सव्वाशे वर्षांपूर्वीच माहीत झालं होतं, पण ते सैन्याच्या दवाखान्यातच राहिलं, कारण हौस म्हणून पळणारा माणूस तेव्हा जवळपास नव्हताच.

तो आला १९६० नंतर. न्यूझीलंडमध्ये आर्थर लिडियार्ड या कोचनं ऑकलंडला मध्यमवयीन, पोट सुटलेल्या लोकांना हळूहळू पळायला लावलं, १९६२ ला अमेरिकेचे कोच बिल बॉवरमन तिथं गेले, ते बघून भारावले आणि जॉगिंग अमेरिकेत घेऊन आले. मग १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये फ्रँक शॉर्टरनं मॅरेथॉनचं सोनं घेतलं आणि तिकडं लाखो लोक रस्त्यावर आले. आपल्याकडं पुण्याची मॅरेथॉन १९८३ ला सुरू झाली, मुंबईची २००४ ला, आणि आता तर सोलापुरातही पहाटे संभाजी तलावाच्या बाजूला डॉक्टर, वकील, बँकेतली माणसं, चादरीचे व्यापारी सगळे पळताना भेटतात.

एवढी माणसं पळायला लागली तशी दुखणी वाढली. पहिलं उत्तर आलं स्ट्रेचिंगचं. पळायच्या आधी पोटरी ताणा, मांडी ताणा. शाळेच्या पीटीत आपल्यालाही हेच शिकवलं, आणि ते इतकं पक्कं बसलं की कुणी तपासायचीच गरज वाटली नाही. तपासलं नेदरलँड्सच्या लोकांनी १९९३ मध्ये, ४२१ पुरुष रनर घेऊन, अर्ध्यांना वॉर्मअप, कूलडाऊन आणि स्ट्रेचिंग शिकवलं, दुखापती कमी झाल्या नाहीत. ऑस्ट्रेलियात २००० साली १५३८ नव्या सैनिकांवर तेच करून बघितलं, फरक नाही. स्ट्रेचिंग वाईट आहे असं मी म्हणत नाही, अंग मोकळं होतं, बरं वाटतं, पण नडगी वाचवायला ते पुरत नाही एवढं नक्की. बुटांचंही मोठं पर्व होऊन गेलं, कुशन, कमान, मोशन कंट्रोल (पाय आत वळू न देणारे बूट), त्यावर जास्त लिहीत नाही. पायाला नीट बसणारा बूट घ्या, बास.

मग दुसरं उत्तर: हळूहळू वाढवा. दर आठवड्याला दहा टक्क्यांपेक्षा जास्त अंतर वाढवायचं नाही, हा नियम प्रत्येक कोच सांगतो, मीही सांगत होतो. नेदरलँड्सच्याच ग्रोनिंगेन शहरात चार मैलांची एक रेस असते, तिच्यासाठी तयारी करणाऱ्या ५३२ नवख्यांवर हा नियम तपासला आणि २००८ मध्ये निकाल आला. एका गटाला नेहमीचा ८ आठवड्यांचा प्रोग्राम, दुसऱ्याला दहा टक्क्यांवर बेतलेला १३ आठवड्यांचा. दुखापती झाल्या एका गटात २०.३ टक्के, दुसऱ्यात २०.८ टक्के. म्हणजे पाच आठवडे जास्त देऊनसुद्धा पाचातला एक जण दुखावलाच. मग त्यांनी आणखी एक केलं, ४३२ जणांमधल्या एका गटाला पळायच्या आधी चार आठवडे नुसतं चालायला आणि उड्या मारायला लावलं, पायांना सवय व्हावी म्हणून. २०१२ चा निकाल, १५.२ आणि १६.८ टक्के, म्हणजे पुन्हा फरक नाही. मला हे वाचून खरंच वाईट वाटलं होतं, कारण दोन्ही गोष्टी अगदी शहाणपणाच्या वाटतात.

याच काळात दुसरीकडं काही लोक पाय सोडून वर बघायला लागले होते. एका पायावर उभं राहिल्यावर कमरेची दुसरी बाजू खाली पडत असेल तर खुब्याच्या बाजूचा स्नायू कमजोर आहे, ही खूण जर्मन सर्जन ट्रेंडेलेनबर्गनं १८९५ लाच सांगितली होती, पण ती आजारी खुब्यासाठी. आणि पळणं म्हणजे काय, एका पायावरून दुसऱ्या पायावर उडी, दोन्ही पाय एकदम जमिनीवर कधी नसतातच. स्टॅनफर्डमध्ये २००० साली गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखणारे २४ लांब पल्ल्याचे रनर तपासले, त्यांच्या दुखऱ्या बाजूचे खुब्याचे स्नायू कमजोर निघाले, सहा आठवडे खुब्याचे व्यायाम दिले आणि २२ जण दुखणं जाऊन परत पळायला लागले. दुखतंय गुडघ्याला आणि औषध खुब्याला! पुढं २०१४ मध्ये सगळ्या खेळांमधले २५ अभ्यास, २६,६१० माणसं एकत्र करून बघितलं तेव्हा ताकदीच्या व्यायामानं दुखापती तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही खाली आलेल्या दिसल्या, आणि स्ट्रेचिंगचा उपयोग दिसला नाही.

पण नव्या रनरसाठी म्हणून पक्कं उत्तर फिनलंडमधून आलं, २०२४ मध्ये. ३२५ नवखे रनर, तीन गट, २४ आठवडे. एक गट खुबा आणि कोअरचे (पोट-कंबरेच्या स्नायूंचे) व्यायाम करणारा, दुसरा घोटा आणि तळपायाचे, तिसरा फक्त स्ट्रेचिंग. खुबा-कोअरवाल्यांत अतिवापराच्या दुखापतींचं प्रमाण स्ट्रेचिंगवाल्यांपेक्षा ३९ टक्क्यांनी कमी, आणि पळणं बिघडवणाऱ्या मोठ्या दुखण्यांचं ५२ टक्क्यांनी कमी. घोटा-तळपायवाल्यांना तसा फायदा झाला नाही, उलट त्यांच्यात लचकणं-मुरगळणं अशा अचानक होणाऱ्या दुखापती जास्त दिसल्या. एक गोष्ट मात्र विसरू नका, त्यांच्यावर सुरुवातीचे १२ आठवडे फिजिओथेरपिस्टची नजर होती. मोबाइलवर व्हिडिओ बघून कसंतरी केलेला व्यायाम आणि कुणीतरी समोर उभं राहून "गुडघा आत जातोय, बाहेर ठेव" असं सांगून करून घेतलेला व्यायाम यात मोठा फरक आहे. (ब्राझीलमध्ये २०२० ला ११८ रनरना तळपायाचे व्यायाम देऊन दुखापती कमी झाल्या होत्या, पण ते आधीपासून पळणारे होते, नवखे नव्हते.)

यावर आमच्याकडचे जुने तालमीतले लोक म्हणतात की हे तर आम्ही आधीपासून करतोय, जोर-बैठका आहेत की. त्यात तथ्य आहे. बैठकीनं मांडी आणि कुल्ल्यात जी ताकद येते ती रनरला हवीच, आणि भरतीच्या पोरांनी तालीम सोडून फक्त डांबरी रस्त्यावर पळणं धरलं हे नुकसानच झालं असं माझं स्पष्ट मत आहे. पण बैठक दोन पायांवर असते, सरळ वर-खाली, आणि रनर एका पायावर पडतो. म्हणून एका पायावरची आणि बाजूची ताकद वेगळी कमवावी लागते.

आणखी एक आमच्या गावचं. कोजागरीला सोलापुरातनं हजारो लोक चालत तुळजापूरला जातात, पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास, रात्रभर, कितीतरी जण अनवाणी. वर्षभर किराणा दुकानापर्यंत गाडीवर जाणारा माणूस सोलापूरच्या बाहेरचा हिप्परगा तलाव ओलांडेपर्यंत आनंदात असतो, नंतर पोटऱ्या धरतात आणि पुढं पंधरा दिवस टाच टेकवत नाही. श्रद्धेबद्दल मला आदर आहे, मी स्वतः जातो, पण शरीराच्या हिशोबानं ही एकदम पडलेली मोठी उडी आहे. २०२५ मध्ये ५,२०० रनरच्या घड्याळातल्या नोंदी बघून हेच निघालं, की मागच्या ३० दिवसांतल्या सगळ्यात लांब रनपेक्षा एखाद्या दिवशी दहा टक्क्यांहून जास्त पळालात तर धोका वाढतो, दुप्पट पळालात तर फारच. म्हणजे दहा टक्क्यांचा नियम आठवड्याच्या बेरजेला लावून उपयोग नव्हता, तो एका दिवसाच्या रनला लावायचा होता!

त्या पोरीला मी उभं केलं आणि एका पायावर हळू खाली बसायला सांगितलं. डावा पाय बरा होता. उजव्यावर बसताना गुडघा सरळ आत, अंगठ्याच्याही आत गेला आणि डावी कंबर खाली पडली. नडगी उजवीच दुखत होती. एकाच जागी बोट ठेवल्यावर कळ आली असती किंवा रात्री झोपेत ठणकलं असतं तर आधी डॉक्टरकडंच पाठवलं असतं, तसं नव्हतं. पळणं निम्मं केलं आणि आठवड्यातनं दोनदा पळायच्या आधी वीस मिनिटं सतरंजीवर: ब्रिज (पाठीवर झोपून कंबर वर उचलणं), नंतर एका पायाचा ब्रिज, साइड प्लँक (कुशीवर होऊन कोपरावर अंग तोलणं), गुडघ्याच्या वर रबर बँड लावून आडवं चालणं, आणि पायरीवरून एका पायानं हळू उतरणं. तिसऱ्या आठवड्यात तिनं मैत्रिणीला समोर उभं केलं होतं, गुडघा आत गेला की ओरडायचं म्हणून, आणि ती पोरगी खरंच एवढ्या जोरात ओरडत होती की सगळं मैदान वळून बघत होतं.