कुर्ता कॉटनचा, तरी घाम का वाळत नाही?

मागच्या मे महिन्यात लांज्याला एक लग्न होतं आणि त्यासाठी मी कॉटनचा कुर्ता घेतला होता, छान गर्द निळा, बारीक बुट्टीचा. मांडवात तासाभरात पाठ अशी चिकटली की दोन बोटं मागे घालून कापड सोडवायचं आणि ते परत चिकटायचं. घरी येऊन कुर्ता उलटा केला तर आत अस्तर पॉलिएस्टरचं. म्हणजे लोकांना दिसत होतं कॉटन, अंगाला लागत होतं भलतंच. कॉटन घाला, कॉटन घाला हे सगळेच सांगतात, पण आपल्या किनारपट्टीवर तेवढ्याने भागत नाही. कपडा अंगापासून किती सुटा आहे आणि आतली हवा हलते का हे जास्त महत्त्वाचं, आणि हे एकदा कळलं ना की छान दिसणं आणि सुखात असणं यातलं एक सोडायची वेळच येत नाही.

घाम आला म्हणून गार वाटत नाही, तो वाळला की वाटतं. एक लिटर घाम अंगावरच पूर्ण वाळला तर साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, २७ अंशांचं आठ लिटर पाणी उकळीला आणायला लागते तेवढी. हनुवटीवरून टपटप गळतो तो जवळजवळ वायाच. आता वाळायचं तर आजूबाजूच्या हवेत वाफेला जागा हवी. समजा पुण्यात ३८ अंश आणि आर्द्रता २० टक्के, आणि रत्नागिरीत ३२ अंश पण आर्द्रता ७५ टक्के. ओल्या त्वचेजवळचा वाफेचा दाब आणि हवेतला दाब यांच्यातला फरक काढला तर पुण्यात तो रत्नागिरीच्या जवळपास दुप्पट येतो, आणि घाम वाळतो तो या फरकाच्या जोरावर. म्हणून घाटावरचे पाहुणे आले की म्हणतात तुमच्याकडे तापमान तर कमीच आहे, आणि दहा मिनिटांत पंख्याखाली जाऊन बसतात.

आर्द्रता काही आपल्या हातात नाही. हातात आहे ते एवढंच की त्वचेला चिकटून जी वाफाळलेली हवा अडकते ती बाहेर काढायची आणि नवी आत घ्यायची, आणि हे काम सैल कपडा चालता चालता आपोआप करतो. लोहाराचा भाता आठवा, दाबला की हवा बाहेर, सोडला की आत. १९८० साली नेचर या नियतकालिकात एक अभ्यास आला होता, बेदुईन म्हणजे भटके अरब लोक वाळवंटात काळे झगे का घालतात यावर. काळा झगा उन्हात जास्त तापतो हे खरंच, पण तो इतका घळघळीत असतो की आतल्या हवेबरोबर ती जादा उष्णता त्वचेपर्यंत पोचायच्या आधीच निघून जाते, आणि पांढरा झगा घातलेल्या माणसाइतकीच उष्णता काळा झगा घातलेल्याच्या अंगाला लागते. वाळवंट कोरडं आणि आपण दमट, पण भात्याचं तत्त्व तेच. आपल्याकडे लुंगी हेच करते, खालून हवा शिरते आणि कंबरेशी घोळात खेळत राहते.

पण सैल म्हणजे गबाळं नाही, आणि इथे टेलरचं कसब लागतं. नजर पहिल्यांदा जाते खांद्यावर आणि गळ्यावर. खांद्याची शिवण हाडावर नेमकी बसली की खाली घेर कितीही असू दे, कपडा मापाचाच दिसतो. सैलपणा हवा तो मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतात त्या गोलात, कारण काखेतला घाम सगळ्यात आधी तिथे अडकतो. मी आमच्या टेलरना म्हटलं मुंढा एक इंच खोल ठेवा, तर ते म्हणाले, "ताई, फिटिंग जाईल हां." मग ठरलं की खांदा आहे तसाच, मुंढा अर्धा इंच खोल, बाजूचे कट थोडे वर आणि अस्तर मलमलचं, तेही फक्त पुढून, पाठीला नाहीच. तो कुर्ता मी आता आठवड्यातून दोनदा घालते, आणि नवीन आहे का असं अजून विचारतात.

तंतूचं म्हणाल तर ६५ टक्के आर्द्रतेला सूत स्वतःच्या वजनाच्या साधारण ८ टक्के ओल धरतं, लिनन १२ च्या आसपास, रेयॉन १३, आणि पॉलिएस्टर फक्त ०.४. म्हणून सूत मऊ लागतं, घाम टिपतं. पण टिपलेलं सोडायला वेळ लावतं, आणि कापड जाड असलं की संपलंच. रेयॉनचा कुर्ता दुकानात फार सुंदर पडतो अंगावर, पण ओला झाला की जड होऊन लोंबतो आणि त्याचा धागा ओलेपणी कमकुवतही होतो. उलट रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या जेटीवर बघा, बोटीवर जाणारी पोरं फुटबॉलच्या पॉलिएस्टर जर्सीत असतात, आणि ते त्यांच्यापुरतं बरोबरच आहे, कारण भिजायचं तर आहेच आणि समुद्रावरचा वारा ते पातळ जाळीदार कापड बघता बघता वाळवतो. बंद ऑफिसात ती जर्सी त्रासच देईल, आणि वासही मारेल. बेल्जियममधल्या घेंट विद्यापीठात २०१४ साली २६ जणांना तासभर सायकल मारायला लावून त्यांचे टीशर्ट तपासले, तर पॉलिएस्टरच्या टीशर्टांचा वास सुतीपेक्षा जास्त वाईट निघाला आणि त्यावर मायक्रोकॉकस जातीचे जीवाणू चांगलेच वाढलेले सापडले.

घामाचे डाग दिसायची भीती असते ना, त्यालाही साधं कारण आहे. कोरड्या कापडात धाग्यांमधे हवा असते, प्रकाश तिथे विखुरतो आणि परत डोळ्याकडे येतो, पाणी भरलं की विखुरणं कमी होतं आणि तो भाग गडद दिसतो. राखाडी, आकाशी, फिका हिरवा यात हा फरक डोळ्यात भरतो. पांढऱ्यात, काळ्या-नेव्हीत आणि दाट प्रिंटमधे नजर फसते. ऑफिसला जाताना मी हल्ली राखाडी घेतच नाही.

आमची आत्या या सगळ्याच्या आधीपासून शहाणी. तिच्या सुती साड्यांना ती भाताच्या पेजेची खळ देते, पेज गाळून पातळ करून, आणि साडी पडवीत दांडीवर ताणून घालते. खळीने कापडाला ताठपणा येतो, निऱ्या कडक उभ्या राहतात, रुबाब तर येतोच पण साडी अंगाला लपेटून न बसता जराशी सुटी राहते आणि मधे हवा खेळते.

मिरग लागला की मात्र तिची खळ बंद. पेजेतला स्टार्च म्हणजे बुरशीला आयतं जेवण, दमट कपाटात आठवडाभरात काळे ठिपके धरतात. पावसात जीन्सही मी बाजूलाच ठेवते. गेल्या जुलैत एकाच दिवशी मलमलची ओढणी आणि जीन्स पडवीत घातली, ओढणी दुपारच्या चहापर्यंत वाळली, जीन्सचा खिसा आणि कंबरपट्टी दुसऱ्या रात्रीही हाताला गार लागत होती. तो जो कुबट वास येतो तो मोराक्सेला नावाच्या जीवाणूचा, कापड जितका वेळ ओलसर राहील तितकी त्याची चंगळ. कपडे दाटीने घालायचे नाहीत, दोघांत हातभर अंतर, खिसे बाहेर काढायचे आणि टेबलफॅन खालून वर लावून ठेवायचा, रात्रभर.