नदीकाठची सायकल-सहल

नदीकाठची सायकल-सहल : सुट्टीच्या दिवशी नदीच्या किंवा कालव्याच्या काठाने, ठरावीक वेळेत कुठे पोचण्याची घाई न ठेवता, सायकलवरून केलेली दिवसभराची भटकंती. शर्यतीची सायकलिंग वेगळी आणि सामान लादून केलेला अनेक दिवसांचा प्रवासही वेगळा. या सहलीत रोज सायकल न चालवणाऱ्या माणसालाही ३० ते ५० किमी.चा पल्ला झेपतो, कारण वाट सपाट असते. ती सपाट असण्याचे श्रेय बव्हंशी नदीचे आणि नदीवर पोट भरणाऱ्या माणसांचे आहे.

आज सायकलमार्ग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जुन्या काठवाटांपैकी बऱ्याच सायकलसाठी आखलेल्याच नव्हत्या. वाफेची इंजिने येण्यापूर्वी माल भरलेल्या बोटी प्रवाहाविरुद्ध न्यायच्या तर काठावरून दोराने ओढाव्या लागत. ओढायला घोडे, खेचरे आणि कित्येक ठिकाणी माणसेच असत. ओढ मध्येच सुटू नये म्हणून ही वाट पाण्याला लागून, चढउतार टाळून काढलेली असे. कालव्यांवर तर ती पुलांच्या कमानीखालूनच पुढे जाई. आजच्या सायकलस्वाराला याचा मोठा लाभ होतो. मोठे रस्ते डोक्यावरून जातात आणि त्याला थांबावे लागत नाही. बोटी गेल्या, दोर गेले, वाट तेवढी उरली.

डॅन्यूब नदीच्या ऑस्ट्रियातील काठावर अशाच घोड्यांच्या वाटेचे पुढे सायकलमार्गात रूपांतर झाले. अमेरिकेतील चेसापीक-ओहायो कालव्याची कथा अधिक बोलकी आहे. पोटोमॅक नदीला समांतर जाणाऱ्या या कालव्याचे काम १८२८ मध्ये सुरू झाले आणि १८५० मध्ये तो कंबरलँडपर्यंत पोचला. खेचरांनी ओढलेल्या बोटी त्यावर १९२४ च्या पुरापर्यंत चालल्या. नंतर त्याच जागेवरून मोटाररस्ता नेण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस १९५४ मध्ये विरोध म्हणून ही वाट पायी चालले. १९७१ मध्ये कालव्याला राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा दर्जा मिळाला. सुमारे २९७ किमी.ची ती वाट आज चालणाऱ्यांची आणि सायकलस्वारांची आहे. मोटाररस्ता झाला असता तर तिथे हळू जाण्याची सोय कायमची गेली असती.

इतर काठवाटांची उगमस्थाने निराळी. सखल प्रदेशांत पूर अडवण्यासाठी बांधलेल्या तटबंधांचा माथा हीच वाट होते. तिथून एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला पाण्याच्या पातळीला, कधी तिच्याही खाली असलेली शेते दिसतात. कुठे धरणाच्या देखभालीचा रस्ता असतो, तर कुठे बंद पडलेल्या रेल्वेचा. रेल्वेनेही नदीचीच दरी धरलेली असते, कारण तिलाही चढ नको असतो.

उतार आणि वारा. नव्याने निघालेल्या माणसाला वाटते की प्रवाहाबरोबर गेले की उतार मिळेल आणि दिवस सोपा जाईल. हिशेब केला तर तसे नाही. जर्मनीतील पासाउपासून ऑस्ट्रियातील व्हिएन्नापर्यंत डॅन्यूबचा काठ ३०० किमी.हून थोडा जास्त आहे आणि तेवढ्या अंतरात नदी साधारण १५० मी. उतरते. म्हणजे किलोमीटरमागे जेमतेम अर्धा मीटर. हा उतार डोळ्यांना दिसत नाही आणि पायांनाही कळत नाही.

दिवस ठरवतो तो वारा. हवेचा रोध सापेक्ष वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १५ किमी. वेगाने जाणाऱ्यासमोर ताशी १० किमी.चा साधा वारा आला, तरी हवेशी गाठ ताशी २५ किमी. वेगाने पडते आणि रोध पावणेतीन पटींहून जास्त होतो. पानेही फारशी न हलवणारा हा वारा दोन तासांत मांड्या भरून आणतो. डोंगराळ दरीत तर आणखी एक गोष्ट घडते. दिवसा उतारांवरची हवा तापून वर जाते आणि तिची जागा घ्यायला दरीच्या तोंडाकडून हवा वरच्या अंगाला वाहू लागते. दुपारनंतर ती जोर धरते. त्यामुळे नदीच्या उगमाकडून मुखाकडे, म्हणजे ‘उताराला’ निघालेला माणूस नेमका दुपारी समोरच्या वाऱ्यात सापडतो. म्हणून जाऊन परत त्याच वाटेने यायचे असेल, तर सकाळी वाऱ्याच्या विरुद्ध जावे आणि दमलेल्या संध्याकाळी त्याला पाठीशी घ्यावे, हे सूत्र प्रवाहाच्या दिशेपेक्षा जास्त उपयोगी आहे.

दिवसाचे माप. निवांत चालीने ताशी १२ ते १५ किमी. होतात. ४० किमी.ला पावणेतीन ते साडेतीन तास पॅडल मारावे लागते. उरलेला दिवस थांबण्यासाठी असतो, आणि या सहलीचा गाभा तोच आहे. खंड्याने सूर मारला तर उतरावे, संगमावर दोन पाण्यांचे रंग किती अंतर वेगळे राहतात ते पाहावे, सावलीत आडवे व्हावे. चालणाऱ्याला एवढ्या वेळात एवढी नदी दिसत नाही आणि मोटारीतल्याला ती फक्त पुलावरून दिसते. पल्ला ५० किमी.च्या पुढे नेला की थांबण्याचाच वेळ कापला जातो. दोन थांबे जास्त झाले म्हणून दिवस वाया जात नाही, पण दहा किलोमीटर जास्त ठरवले की जातो.

भाड्याने घेतलेल्या सायकलची गादी बहुधा खाली असते आणि गुडघे दुखण्याचे मोठे कारण तेच. पॅडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हावा, इतकी गादी वर घ्यावी. हवा आणि ब्रेक निघण्यापूर्वीच तपासावेत. बाकी तयारी फारशी लागत नाही.

काठ निवडणे. डावा आणि उजवा काठ प्रवाह जातो त्या दिशेला तोंड करून ठरवतात. नदीकाठचे नकाशे आणि पाट्या हाच संकेत पाळतात. प्रवाहाविरुद्ध निघालेल्यांचा इथे हमखास गोंधळ उडतो. वळणावर बाहेरचा काठ पाणी खात असते आणि आतल्या काठावर वाळू साचत असते. त्यामुळे बाहेरच्या काठाची वाट कड्याला खेटून अरुंद होते आणि बसायला जागा मिळते ती आतल्या काठावर. ऑस्ट्रियात श्लोगेनजवळ डॅन्यूब जवळजवळ उलटी फिरते, तिथे हा फरक स्पष्ट दिसतो.

पूल दूरदूर असतील, तेव्हा काठ बदलायला तर, म्हणजे पलीकडे नेणारी नाव, लागते. डॅन्यूबवर श्पिट्झजवळ आणि जर्मनीतील एल्बे नदीवर काही ठिकाणी इंजिनाशिवाय चालणाऱ्या तरी आहेत. तर एका तारेला जोडलेली असते. नावाडी तिला प्रवाहाशी तिरपी धरतो आणि पाण्याचा दाबच तिला पलीकडे ढकलत नेतो. दिवसभर जिच्या कडेने आलो त्या नदीचे बळ असे पायाखाली जाणवणे, याला पुलावरून जाण्याची सर येत नाही. शेवटची फेरी केव्हा आहे हे मात्र सकाळीच पाहून ठेवावे.

धरणांच्या वरच्या बाजूला नदी तलावासारखी थंडावते, काठ बांधीव होतो आणि वाट कंटाळवाणी सरळ जाते. मेल्क ते क्रेम्स हा वाखाउ दरीतला सुमारे ३५ किमी.चा टप्पा म्हणूनच एका दिवसासाठी निवडण्यासारखा आहे. धरणांनी बांधलेल्या ऑस्ट्रियन डॅन्यूबवर अखंड वाहत्या पाण्याचे जे दोनच भाग उरले, त्यांतला हा एक.

धोके मोजके आहेत. पूर ओसरल्यावर वाटेवर राहिलेला गाळ वरून वाळलेला आणि आत ओला असतो, त्यावर चाक घसरते. पहाटे दरीत थंड हवा साचून धुके धरते, तेव्हा दिवा लावावा. पादचारी, कुत्री आणि मासे धरणाऱ्यांचे गळ यांच्यापाशी वेग उतरवून घंटी वाजवावी, वाट त्यांचीही आहे.

इतिहास. सायकलचा पूर्वज म्हणजे पॅडल नसलेली दुचाकी. कार्ल ड्राइस याने ती १२ जून १८१७ रोजी मॅनहाइम येथे चालवून दाखवली. हे जर्मन शहर ऱ्हाइन आणि नेकार या नद्यांच्या संगमावर आहे, हा योगायोग नोंदवण्याजोगा वाटतो. १८८५ ची स्टार्ली यांची जवळजवळ सारख्या चाकांची सायकल आणि १८८८ चा डनलॉप यांचा हवेचा टायर यांमुळे सायकल सर्वसामान्यांच्या आवाक्यात येऊ लागली. सुट्टी मात्र उशिरा आली. फ्रान्समध्ये १९३६ च्या कायद्याने कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली आणि त्या उन्हाळ्यात असंख्य जोडपी एकाच सायकलवर दोघे बसून निघाली.

अलीकडे अशा वाटा जोडून लांब मार्ग तयार झाले आहेत. युरोव्हेलो ६ हा मार्ग लवार, सोन, ऱ्हाइन, डॅन्यूब अशा नद्या धरत अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत जातो. दक्षिण कोरियात २०१२ मध्ये इंचॉन ते बुसान असा ६३३ किमी.चा मार्ग खुला झाला. त्यावर ठिकठिकाणी लाल टपऱ्या आहेत आणि प्रवासी आपल्या वहीवर तिथला शिक्का मारून घेतात. एक दिवस हाताशी असणाराही दोन शिक्क्यांमधला तुकडा घेऊ शकतो. या मार्गाचा सर्वांत उंच बिंदू ५४८ मी. उंचीची इह्वारयोंग खिंड आहे. तिथे वाट हान नदीचे खोरे सोडते, घाम काढत वर चढते आणि पलीकडे नाकदोंग नदीच्या पाण्याकडे उतरते.