विशाखापट्टणमला हायवेवरच्या हॉटेलात उतरणाऱ्यांसाठी

इतवारीतले तांदळाचे व्यापारी, मँगनीजचा व्यवहार करणारी मंडळी, बुटीबोरी-हिंगण्याच्या कारखान्यांची खरेदी-विक्री पाहणारे अधिकारी असे आमचे बरेच ग्राहक कामासाठी विशाखापट्टणमला जातात. त्यांच्या खोल्या आम्ही नागपुरातून ठरवून देतो. फोनवर पहिली मागणी बहुतेकदा एकच असते : "भाऊ, समुद्रासमोरची खोली बघा." मागणी अगदी साहजिक आहे, नागपूरच्या माणसाला समुद्र एरवी कुठे दिसतो! तरीही दोन-तीन रात्रींसाठी, सकाळी नऊला कुणाच्या तरी गोदामात किंवा ऑफिसात पोहोचायचं असेल त्याला आम्ही हायवेवरचं साधं, स्वच्छ बिझनेस हॉटेल सुचवतो. त्यामागचं कारण, आणि अशा हॉटेलात उतरताना काय पाहायचं, काय विचारायचं, ते इथे लिहून देत आहोत. निघण्याआधी एकदा वाचा आणि सोबत जाणाऱ्यालाही वाचायला द्या.

आधी काम कुठे आहे ते पाहा

कोलकाता-चेन्नई हायवे, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १६ चा जुना रस्ता, विशाखापट्टणम शहरातूनच जातो. दक्षिणेकडून येताना गाजुवाका, मग विमानतळाजवळचा एनएडी चौक, पुढे मद्दिलपालेम आणि उत्तरेला मधुरवाडा असा त्याचा क्रम आहे. गाजुवाका ते मधुरवाडा हे अंतर पंचवीसेक किलोमीटर भरतं, पण संध्याकाळी कामगारांच्या बसगाड्या आणि बंदराचे ट्रेलर एकाच वेळी रस्त्यावर आले की तेवढ्यालाच दीड तास लागू शकतो. म्हणून 'हायवेवरचं हॉटेल' एवढं सांगून भागत नाही. हायवेच्या कोणत्या टोकाला, हे महत्त्वाचं.

पोलाद कारखाना, गंगावरम बंदर, परवाड्याची फार्मा सिटी किंवा अच्युतापुरमची औद्योगिक वसाहत इथे काम असेल तर गाजुवाक्याच्या बाजूला राहा. आयटी कंपन्या मधुरवाडा-ऋषिकोंडा भागात आहेत. विजयनगरम किंवा गरिविडीकडच्या फेरोमँगनीज कारखान्यांत जायचं असेल तरी मधुरवाड्याची बाजूच सोयीची, कारण सकाळी शहर ओलांडावं लागत नाही. मात्र काम जुन्या बंदरातच असेल, म्हणजे क्लिअरिंग एजंटकडे किंवा बंदराच्या ऑफिसात, तर हायवेचा आग्रह सोडा आणि रेल्वे स्टेशन किंवा द्वारकानगर भागात उतरा. अशा ग्राहकाला आम्ही स्वतःच हायवेवरची खोली देत नाही.

या बंदराचं आणि आपल्या भागाचं नातं जुनं आहे. १९३३ मध्ये ते सुरू झालं तेव्हा त्याचा एक मुख्य हेतू मध्य प्रांतातलं मँगनीज बाहेर पाठवण्याचा होता, आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. खनिज तिथवर नेण्यासाठी बंगाल-नागपूर रेल्वेने रायपूर-विजयनगरम मार्ग १९३१ मध्ये पूर्ण केला. आज समता एक्स्प्रेस नागपूरहून गोंदिया, रायपूर, टिटलागड, रायगडा असं करत त्याच रुळांवरून जाते. भंडारा-बालाघाटच्या खाणींशी व्यवहार असणाऱ्या आमच्या ग्राहकांना हे मुद्दाम सांगावंसं वाटतं.

कुठे उतरायचं

समता एक्स्प्रेस रोज नसते, वार पाहूनच तारीख ठरवा. दुसरी सोय एपी एक्स्प्रेसची. ती बल्लारशा, वरंगल, विजयवाडा, राजमहेंद्री या वाटेने जाते. विशाखापट्टणम स्टेशनात गाडी जिथून शिरते तिथूनच तिला मागे फिरावं लागतं. त्यामुळे हावडा-चेन्नई मार्गावरच्या बऱ्याच गाड्या तिथे न जाता गाजुवाक्याजवळच्या दुव्वाडा स्टेशनवरून परस्पर पुढे जातात. विजयवाड्याकडून येताना तुमची गाडी दुव्वाड्याला थांबत असेल आणि हॉटेल गाजुवाक्याला असेल तर तिथेच उतरा. मुख्य स्टेशनपर्यंत जाऊन पुन्हा मागे येण्याचे टॅक्सीचे पैसे आणि जवळजवळ तासभर वाचतो.

विमानाने जाणाऱ्यांनी तिकिटावरचं विमानतळाचं नाव नीट वाचावं. जुना विमानतळ शहरातच, हायवेला लागून आहे. अल्लुरी सीताराम राजूंच्या नावाचा नवा विमानतळ विजयनगरमच्या बाजूला भोगापुरमला उभारला आहे आणि तो शहरापासून सुमारे ४५ किलोमीटर दूर आहे. हॉटेल गाजुवाक्याला आणि विमान भोगापुरमला असेल तर पहाटेच्या विमानासाठी रात्रीच उठावं लागेल.

खोली कोणती मागायची

हायवेवरच्या हॉटेलचा एकच मोठा दोष आहे, आवाज. ट्रक रात्रभर चालतात आणि रात्री रस्ता मोकळा असल्याने जास्त वेगाने चालतात. खोली ठरवतानाच "रस्त्याकडची नको, मागची द्या" असं सांगा. मागची बाजू मिळाली की जनरेटर कुठे बसवला आहे तेही विचारा, कारण बऱ्याच ठिकाणी तो नेमका मागेच असतो. लिफ्टच्या शेजारची खोली टाळा. खाली लग्नाचा हॉल असेल तर त्या तारखेला हॉल दिलेला आहे का, हे आम्ही बुकिंगच्या वेळी विचारतोच. तुम्हीही काउंटरवर विचारा. खोली ताब्यात घेण्यापूर्वी आत जाऊन दार लावा आणि मिनिटभर शांत उभे राहा. आवाज सोसवणार नसेल तर बॅग उघडण्याआधीच बदलून मागा, तेव्हा बदल लगेच मिळतो.

दुसरी गोष्ट रस्त्याची बाजू. हायवेच्या मध्ये दुभाजक आहे. हॉटेल समोर दिसत असूनही गाडीला दीड-दोन किलोमीटर पुढे जाऊन यू-टर्न घ्यावा लागू शकतो. ओला-उबरवाल्याला फक्त हॉटेलचं नाव सांगू नका, कोणत्या बाजूच्या सर्व्हिस रोडवर आहे तेही सांगा. आणि समोर चहाची टपरी दिसली म्हणून दुभाजकावरून उडी मारून रस्ता ओलांडू नका. रात्री तर नाहीच. हे आम्ही प्रत्येकाला फोनवरही सांगतो, कुणाला ते जास्तीचं वाटलं तरी चालेल.

स्वतःची गाडी घेऊन रायपूर, जगदलपूर, कोरापुटमार्गे जाणार असाल तर हायवेवरच्या हॉटेलसारखी सोय दुसरी नाही, कारण पार्किंग प्रशस्त मिळतं. मात्र ड्रायव्हरच्या झोपण्याची व्यवस्था आधी विचारा. काही ठिकाणी डॉर्मिटरी असते, काही ठिकाणी काहीच नसतं. आठशेहून जास्त किलोमीटर आणि मध्ये केशकालसारखा घाट चालवून आलेल्या माणसाला गाडीच्या सीटवर झोपवणं बरोबर नाही आणि परतीच्या प्रवासासाठी सुरक्षितही नाही. ड्रायव्हरची सोय नसलेलं हॉटेल आम्ही अशा ग्राहकांना सुचवत नाही.

बारा वाजता की चोवीस तास

सगळ्यात जास्त वाद होतात ते चेकआउटवरून. काही हॉटेलांत दिवस दुपारी बाराला सुरू होतो आणि बाराला संपतो. काही ठिकाणी तुम्ही ज्या वेळी आलात तिथून चोवीस तास मोजतात. समजा गाडी सकाळी सातला पोहोचली. चोवीस तासांच्या हॉटेलात तुमचा दिवस दुसऱ्या सकाळी सातपर्यंत आहे. बाराच्या हॉटेलात सातला खोली हवी असेल तर ते आदल्या दिवसाचं पूर्ण किंवा अर्धं भाडं मागू शकतात. परतीची गाडी रात्रीची असेल तर हिशेब पुन्हा बदलतो. म्हणून आम्ही येण्या-जाण्याची वेळ विचारल्याशिवाय खोली ठरवत नाही. नुसत्या तारखा पाठवल्या तर वेळेसाठी आमचा फोन येईलच.

बाराच्या हॉटेलात खोली सोडल्यावर सामान काउंटरवर ठेवून देतात. संध्याकाळी निघण्याआधी आंघोळीपुरती खोली किंवा बाथरूम मिळेल का, तेही विचारून ठेवा. दमट हवेत दिवसभर फिरल्यावर तशाच कपड्यांत रात्रभर रेल्वेत बसणं त्रासाचं होतं.

ओळखपत्र म्हणून आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना किंवा पासपोर्ट चालतो. पॅन कार्डावर पत्ता नसल्याने बहुतेक ठिकाणी ते घेत नाहीत. आधारची प्रत द्यायची तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार डाउनलोड करून तेच द्या. परदेशी खरेदीदार सोबत असेल तर त्याचा पासपोर्ट आणि व्हिसा लागतो. त्याची माहिती हॉटेलला सरकारकडे ऑनलाइन भरावी लागते, त्यामुळे काउंटरवर थोडा वेळ जाईल हे त्याला आधीच सांगून ठेवा.

बिल आणि जीएसटी

२२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे. आधी तो १२ टक्के होता. ७,५०० च्या वरच्या खोलीवर १८ टक्के. आम्ही सांगतो ते भाडं करासह आहे की कर वेगळा, हे आमच्या पावतीवर स्पष्ट लिहिलेलं असतं.

इथे एक गैरसमज फार आढळतो. "जीएसटी नंबर टाकला की कर परत मिळेल" असं अनेक जण धरून चालतात. खोलीच्या बाबतीत कर हॉटेल जिथे आहे त्या राज्याचा लागतो, म्हणजे केंद्राचा आणि आंध्र प्रदेशाचा. तुमच्या फर्मची नोंदणी फक्त महाराष्ट्रात असेल तर त्या कराचं इनपुट क्रेडिट, म्हणजे भरलेला कर आपल्या देय करातून वजा करण्याची सोय, तुम्हाला घेता येत नाही. म्हणून दोन हॉटेलांची तुलना करताना करासह पूर्ण रक्कम धरा. तरीही बिल फर्मच्या नावावर, नागपूरच्या पत्त्यासह आणि जीएसटी नंबर टाकूनच घ्या, कारण खर्च दाखवायला तेच कामी येतं. बिल छापल्यावर नाव बदलायला सांगितलं तर वेळ जातो, म्हणून आल्या आल्याच फर्मचं कार्ड काउंटरवर द्या.

पैसे शक्यतो यूपीआय, कार्ड किंवा बँकेतून द्या. एकाच दिवशी एकाच ठिकाणी १०,००० रुपयांहून जास्त रोख दिली तर आयकरात तो व्यवसायाचा खर्च म्हणून मान्य होत नाही. तीन खोल्यांचं बिल एकत्र रोखीने भरणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. रेस्टॉरंटच्या बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप जोडलेला दिसला तर तो काढायला सांगा, तो देणं ग्राहकाच्या इच्छेवर आहे.

हवा आणि सॅम्पल

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, विशाखापट्टणमला तो साधारण ३५-३६ असतो. आकडा पाहून बरं वाटतं, पण तिथला घाम सुकत नाही. आपला कूलर कोरड्या हवेत पाण्याची वाफ करून गारवा देतो. समुद्रकाठच्या ओल्या हवेत ती युक्ती चालत नाही, म्हणून एसी खोलीच घ्या. धुतलेला शर्ट एका रात्रीत वाळेल हे गृहीत धरू नका, एखादा जास्तीचा ठेवा. थंड खोलीतून बाहेर पडताच चष्म्यावर आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यावर वाफ धरते. मालाचे फोटो काढायचे असतील तर पाच मिनिटं थांबून काढा.

तांदळाचं सॅम्पल नेणाऱ्यांना कळकळीने सांगतो : पुडी उघडी ठेवू नका. तांदळाच्या व्यवहारात ओलाव्याची मर्यादा साधारण १४ टक्के धरतात, आणि उघडा तांदूळ दमट हवेतला ओलावा ओढून घेतो. गोंदिया-भंडाऱ्याहून निघालेला चांगला माल एका रात्रीत टेबलावर वेगळा आकडा दाखवू शकतो आणि भाव त्या आकड्यावर ठरतो. सॅम्पल हवाबंद डब्यात किंवा झिपच्या जाड पिशवीत न्या, तपासणीच्या वेळीच उघडा आणि त्यातलंच थोडं सीलबंद ठेवून परत आणा. खनिजाच्या सॅम्पललाही हाच नियम, कारण तिथेही ओलावा वजा करूनच हिशेब होतो.

ऑक्टोबर-नोव्हेंबरची काळजी

नागपुरात पावसाळा संपतो तेव्हा बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचे दिवस सुरू होतात. १२ ऑक्टोबर २०१४ ला हुदहुद वादळ थेट विशाखापट्टणमवर आलं. ताशी १७० किलोमीटरहून जास्त वेगाचा वारा होता, विमानतळाचं मोठं नुकसान झालं आणि शहराच्या अनेक भागांत कित्येक दिवस वीज नव्हती. या दोन महिन्यांत जाणाऱ्यांसाठी आम्ही रद्द केल्यास पैसे परत मिळतील अशीच खोली घेतो, थोडी महाग पडली तरी. निघण्याच्या दोन दिवस आधी हवामान खात्याचा अंदाज पाहा. तिथे असताना इशारा आला तर बाहेरची कामं थांबवा, फोन आणि पॉवर बँक चार्ज करून ठेवा, थोडी रोख रक्कम आणि पिण्याचं पाणी जवळ असू द्या, आणि खिडकीपासून लांब झोपा. त्या काळात आमचा फोन रात्रीही उचलला जातो.

जेवण आणि समुद्र

सकाळचा नाश्ता बहुधा भाड्यात असतो. इडली-डोसा असतोच, पण हिरव्या मुगाचा पेसरट्टू आणि त्यासोबत आल्याची चटणी मिळाली तर जरूर खा. दुपारी-रात्री भाताचं ताट असतं, पोळी वेगळी मागवावी लागते. सावजीची सवय असलेल्यांना तिखट जड जाणार नाही, पण चिंचेचा आंबटपणा वेगळा आहे. तिखट कमी हवं असेल तर "कारम तक्कुव" म्हणा. जैन किंवा पूर्ण शाकाहारी जेवण हवं असणाऱ्यांनी आम्हाला आधी सांगावं, स्वयंपाकघर वेगळं आहे का ते आम्ही विचारून घेऊ.

समुद्र पाहायला सकाळी जा. तिथे सूर्य नागपूरपेक्षा साधारण पाव तास आधी उगवतो आणि समुद्रातूनच वर येतो. काम नऊला असेल तर सहा ते साडेसात आर.के. बीचवर घालवून सहज परत येता येतं. तिथे १९६९ मध्ये नौदलात आलेली कुरसुरा पाणबुडी किनाऱ्यावर आणून संग्रहालय म्हणून ठेवली आहे. पाण्यात मात्र घोट्यापलीकडे जाऊ नका. तलावात पोहता येतं म्हणून समुद्रात पोहता येत नाही. त्या किनाऱ्यावर तळाशी ओढ जोराची आहे आणि चांगले पोहणारेही तिने आत ओढले गेले आहेत.

खोली ठरवताना आम्हाला काय कळवावं

कामाचं ठिकाण, येण्याची आणि निघण्याची तारीख-वेळ, गाडीचं किंवा विमानाचं तिकीट, किती माणसं, ड्रायव्हर सोबत आहे का, आणि बिलावर टाकायचं फर्मचं नाव व जीएसटी नंबर. एवढं व्हॉट्सअॅपवर आलं की दोन-तीन हॉटेलांची नावं, करासह भाडं आणि रद्द करण्याच्या अटी आम्ही पाठवतो. पैसे त्यानंतरच द्या. हॉटेलात पोहोचल्यावर ठरल्याप्रमाणे खोली मिळाली नाही तर काउंटरवर वाद न घालता तिथूनच आम्हाला फोन करा, मॅनेजरशी आम्ही बोलू.